मुळं न धरणारी फांदी

जास्वंदीची किंवा शेवग्याची फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की बहुतेक वेळा लागते, म्हणून सगळीच झाडं अशी लागत असतील असं आपल्याला वाटतं. मेपल तसं नाही. त्याच्या जून फांद्या सहसा मुळं धरत नाहीत. धरलीच तर कोवळ्या शेंड्यांना, तीही दमट हवेत. त्यामुळे जपानी मेपलच्या शोभेच्या जाती बियांच्या रोपावर कलम करूनच बहुधा वाढवतात.

बंगळूरहून कोलारकडे निघालं की होसकोटे लागतं. इथे मेपल नाही, पण तितकंच हट्टी चंदन आहे. तालुक्यातल्या गोट्टीपुऱ्यात बंगळूरच्या काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेने निवडक चंदनवृक्षांची कलमं लावून जपली आहेत. बी रुजत असताना हा खटाटोप कशाला? कारण चंदनाची किंमत सुगंधी गाभ्यात, आणि गाभा किती भरेल, तेल किती निघेल हे झाडागणिक बदलतं. बियांच्या रोपात आईबापांचे गुण मिसळतात, कलमात मात्र मूळ झाडच पुढे चालतं.

चंदनाला पाचर कलम करतात. रोपाचा शेंडा उडवून खोडाला मधोमध उभी चीर देतात, निवडक झाडाची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूला तरी जुळला पाहिजे. तो चुकला की काडी वाळलीच.

झाडाचं वय सगळीकडे सारखं नसतं, हे यातलं खरं नवल. शेंडा वर्षानुवर्षं वाढत प्रौढ होतो, बुंधा मात्र बाल्यावस्थेच्या जवळच राहतो. होसकोटे परिसरात ज्या निलगिरीचं पेव फुटलं होतं, तिचा व्यवहारच यावर चालतो. मोठ्या झाडाच्या वरच्या फांद्यांना सहसा मुळं येत नाहीत. तेच झाड बुंध्याशी तोडलं की खोडाला येणाऱ्या कोवळ्या फुटव्यांना येतात. त्यांच्या कापलेल्या बुडाला इंडोल ब्युटिरिक आम्लाची पावडर लावून ते मिस्ट चेंबरमध्ये, म्हणजे बारीक फवाऱ्याने दमट ठेवलेल्या खोलीत ठेवतात. या आम्लाची मुळं फुटवण्याची ताकद 1935 साली अमेरिकेत दाखवली गेली. चंदनाच्याही मुळांतून वर येणारे फुटवे फांद्यांपेक्षा लवकर लागतात.

कलमातून गुणांबरोबर रोगही उतरतो. 1899 साली कोडगूत प्रथम नोंदलेला, पानं बारीक आणि ताठ करणारा स्पाइक रोग कलमाने पसरू शकतो. म्हणून ज्याची काडी घ्यायची तो मातृवृक्ष नीट पारखावा लागतो. कर्नाटकात 2001 च्या कायदाबदलानंतर शेतातल्या चंदनावर शेतकऱ्याची मालकी आली, तेव्हापासून चांगल्या रोपांना मोल आहे. पण उत्तम कलमही एकटं नीट वाढत नाही. चंदन दुसऱ्यांच्या मुळांतून अन्नपाणी घेतं, म्हणून रोपाच्या पिशवीत शेजारी तूर लावतात आणि शेतात सुरूची किंवा करंजाची झाडं.