पांढराफटक बगळा आणि फिकट पितळ: कॅमेऱ्याचे अंदाज, आपले गैरसमज

भंडारा जिल्ह्यात फोटोसाठी विषय शोधत हिंडावं लागत नाही. गावोगावी मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले, आणि हिवाळ्यात त्यांवर पाहुणी बदकं उतरतात. पावसाळ्यात बांध्यांमधून धानाची रोवणी चालते. दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. भंडाऱ्याचं पितळ प्रसिद्ध आहे, मोहाडी-आंधळगावकडे हातमागावर कोसा विणला जातो, पवनीला जुन्या किल्ल्याचा दरवाजा आणि जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत.

एवढं सगळं हाताशी असूनही बऱ्याच जणांचे फोटो वर्षानुवर्षं एकाच पायरीवर थांबतात. याचं मूळ एका समजुतीत आहे: कॅमेरा आपल्यासारखाच बघतो. तो बघत नाही. तो आत आलेला प्रकाश मोजतो आणि समोर काय असेल याचा अंदाज बांधतो. हा अंदाज बगळ्यासमोर एका तऱ्हेने चुकतो, पितळेसमोर दुसऱ्या, रंगमंचासमोर तिसऱ्या. कुठे कसा चुकतो हे ज्याला कळलं, त्याचा साधा मोबाइलसुद्धा चांगलं काम देतो.

‘जास्त मेगापिक्सेल, जास्त चांगला फोटो’

हा गैरसमज दुकानातूनच घरी येतो. ए-फोर आकाराच्या कागदावर उत्तम छपाईसाठी सुमारे ८७ लाख ठिपके लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल. पन्नास मेगापिक्सेलचे फोन नेहमीच्या वापरात शेजारचे चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. फरक पडतो तो सेन्सरच्या क्षेत्रफळाने. फुल फ्रेम कॅमेऱ्याचं सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर असतं, बहुतेक फोनचं त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. पडद्यावर दोन बोटांनी लेन्सच्या मर्यादेपलीकडे झूम केलं, तर कॅमेरा फक्त चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो. ते काम घरी गेल्यावरही करता येतं.

‘ऑटोवर ठेवलं की उजेड बरोबर येतो’

या गैरसमजाला मी सगळ्यात जास्त जागा देतो, कारण तो सुटला की बाकीचे अर्धे आपोआप सुटतात.

कॅमेऱ्याचं मोजमाप एका गृहीतकावर उभं आहे: समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असते. आता सकाळच्या वेळी तलावाच्या कडेला उभा असलेला बगळा घ्या. चौकटीचा मोठा भाग गडद पाण्याचा, मधोमध लहानसा पांढरा पक्षी. कॅमेऱ्याला वाटतं, दृश्य काळोखी आहे; तो उजेड वाढवतो. पाणी राखाडी होतं आणि बगळा पांढराफटक, एकही पीस वेगळं दिसत नाही. इथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक ते दीडच्या आसपास नेलं की पिसांचे पदर परत येतात. मोबाइलवर बगळ्यावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली सरकवा.

तोच बगळा जवळ आला आणि त्याने पूर्ण चौकट व्यापली, तर गंमत उलटी होते. आता कॅमेऱ्याला दृश्य फार उजळ वाटतं, तो उजेड कमी करतो आणि बगळा मळकट येतो. दुरुस्ती आता अधिकच्या दिशेने. पक्षी एकच, सकाळ एकच, आणि दुरुस्त्या परस्परविरुद्ध! म्हणून ‘बगळ्यासाठी अमुक सेटिंग’ असं पाठ करून चालत नाही. चौकटीत काय किती आहे, ते बघावं लागतं. चमकत्या पाण्यावर पंख वाळवणारा पाणकावळा, उजळ आकाशात उडणारी घार, काळ्या चिखलात रोवणी करणाऱ्या बाया: प्रत्येक वेळी प्रश्न एकच, हे दृश्य सरासरीपेक्षा उजळ आहे की गडद?

यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पूर्ण पांढरा होऊन गेलेला भाग नंतर परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते. गडद राहिलेल्या भागातून पुष्कळ काही काढता येतं. रॉ फाइलमध्ये हे आणखी सोपं जातं: साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

‘लांबचा पक्षी धूसर आला, म्हणजे लेन्स हलकी’

विदर्भात राहणाऱ्याने ही समजूत आधी सोडावी. फेब्रुवारीनंतर उन्हं चढली की तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, तिच्यात प्रकाश सतत वाकत राहतो आणि दूरची प्रत्येक कड थरथरते. सडकेवर दिसणारं मृगजळ याच कारणाने दिसतं. अशा हवेतून दोनशे मीटरवरचं बदक टिपलं, तर लाखाची लेन्सही ते मऊच देते, आणि झूम वाढवला की थरथरही वाढते. उपाय दोनच: अंतर कमी करा, नाहीतर सूर्य वर येण्याआधी तलावावर पोचा. लेन्स बदलण्याआधी हिवाळ्यातल्या सकाळी साडेसातला तोच फोटो काढून बघा.

‘दुपारी आणि ढगाळ दिवशी कॅमेरा बाहेर काढू नये’

सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश सुंदर असतो, यात शंका नाही. पवनीच्या दगडी दरवाजावरचं काम तो फार छान उठवतो, कारण प्रत्येक खाचेला सावली मिळते. पण हा नियम सगळ्या विषयांना लावला, तर रोवणीचा पूर्ण हंगाम हातचा जातो. जुलैचं भरलेलं आभाळ चारी बाजूंनी सारखा, मवाळ उजेड देतं. अशा उजेडात चेहऱ्यावर काळे खड्डे पडत नाहीत, धानाच्या रोपांचा पोपटी रंग जळत नाही. फक्त चौकटीत आभाळ कमी ठेवावं. कडक दुपारीसुद्धा माणसाचा फोटो छपरीत किंवा आंब्याच्या सावलीत, तोंड उजेडाकडे करून घेतला, तर उत्तम येतो.

‘पोलरायझर लावला की सगळी चकाकी जाते’

बांधीतल्या पाण्यावरची, ओल्या पानांवरची, काचेवरची चकाकी हा फिल्टर योग्य कोनात खरंच कमी करतो. उघड्या धातूवर मात्र त्याची मात्रा चालत नाही, कारण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाची घडण वेगळी असते. म्हणून भंडाऱ्याच्या पितळी गुंडाचा फोटो काढताना फिल्टर विसरा.

घासलेलं पितळ हा एक आरसा आहे. आपण गुंड टिपतो असं वाटतं, प्रत्यक्षात त्यात उमटलेलं दुकान, ट्यूबलाइट आणि आपला शर्ट टिपत असतो. त्यावर फ्लॅश मारला की एक पांढरा डाग आणि भोवती काळोख उरतो. गुंड सावलीत आणा, एका बाजूला पांढरी चादर उभी धरा; चादरीचं मोठं, मऊ प्रतिबिंब पितळेचा गोलावा दाखवतं. दुसरी अडचण रंगाची. चौकटभर पिवळा रंग पाहून ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, प्रकाशच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा काढून टाकतो. पितळ फिकट दिसतं ते यामुळे. बाहेरच्या उजेडात व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर पक्का करावा. कोशाच्या नैसर्गिक सोनेरी-तपकिरी रंगालाही हेच लागू पडतं. शिवाय कोशाची वीण समोरून दिसत नाही. उजेड बाजूने कापडाला घासून जाईल अशा जागी ते पसरावं.

‘आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो, अंधारात फ्लॅश हवाच’

मंडईच्या रात्री ही दोन्ही मतं एकदम नडतात. फोटोतला दाणेदारपणा मुख्यतः प्रकाश कमी पडल्यामुळे येतो. प्रकाश कणाकणांनी येतो. कण थोडे असले की त्यांतली अनियमितता डोळ्यांत भरते. प्रकाश चौपट मिळाला की ती अनियमितता प्रमाणाने निम्मी होते. आयएसओ कमी ठेवून फोटो काळोखा काढला आणि घरी उजळवला, तरी दाणे तेवढेच, पुष्कळदा जास्तच. आयएसओ बेलाशक ३२०० वर न्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

फ्लॅशचं गणित तर अगदी सरळ आहे. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा उरतो. दोन मीटरवर पुरणारा फ्लॅश आठ मीटरवरच्या नायकापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. तो समोरच्या रांगेतली डोकी उजळवतो आणि रंगात आलेल्या नटाचे डोळे दिपवतो. झाडीपट्टीचे कलावंत भर थंडीत पहाटेपर्यंत उभे असतात. त्यांना हा त्रास देऊ नये. रंगमंचावर आधीच भरपूर दिवे असतात, त्यांच्याच उजेडात काम होतं. चेहरे पांढरे पडत असतील तर तिथेही उणेकडे जा.

आडवे काळे पट्टे आले तर फोन बिघडला असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावरचे अनेक दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, ओळीओळीने चित्र वाचणाऱ्या सेन्सरला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे बहुधा जातात. रंगीत एलईडीचं लुकलुकणं वेगळं असतं, म्हणून नाटक सुरू होण्याआधी दोन-तीन वेग तपासून ठेवावेत.

शंकरपटासाठी उलट सल्ला ऐकू येतो: शटर जितकं वेगवान तितकं बरं. १/२००० ला बैलांची जोडी दगडात कोरल्यासारखी थिजते. १/६० वर कॅमेरा जोडीबरोबर फिरवत टिपलं, तर मागची गर्दी ओढली जाते आणि धाव दिसते. बरेच फोटो वाया जातील, ते जाऊ द्यावेत.

‘जवळून काढला तोच वन्यजीवांचा खरा फोटो’

बाकीच्या गैरसमजांत नुकसान आपल्या फोटोचं होतं, इथे प्राण्याचं. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४ च्या अखेरीस पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींतून निघालेल्या फोटोंत वाघीण मोठी दिसली असेल, पण तो वेढल्या गेलेल्या प्राण्याचा फोटो होता. दूरवरून, बांबूच्या रांजीसह, वाटेच्या वळणासह टिपलेली वाघीण तिच्या जंगलाविषयी काही सांगते. कोका, नागझिरा इथेही हेच.

सारसाच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. महाराष्ट्रात तो गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मोजकाच उरला आहे आणि धानाच्या बांध्यांतही घरटं करतो. माणूस घरट्याजवळ रेंगाळला की जोडी अंड्यांवरून उठते. फोटोमुळेही घरट्याचा पत्ता बाहेर जाऊ शकतो: फोन प्रत्येक फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवू शकतो. तलावावर जाण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती नोंद बंद करा. आणि घरटं दिसलंच, तर फोटो न काढता त्या शेताच्या मालकाला आणि वन विभागाला कळवा.