यादीवरून ओळख

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील एक मोठे रेल्वे जंक्शन होय. मुंबई, दिवा, कर्जत आणि रोहा या दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. 'रेलटेल' या सरकारी कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर प्रवाशांसाठी विनामूल्य वाय-फाय, म्हणजेच बिनतारी इंटरनेट, सुरू केले. पुढे ही सोय पनवेलसह देशातील हजारो स्थानकांवर पोहोचली. अशा बिनतारी जाळ्यात क्षणोक्षणी नवी यंत्रे येतात आणि जातात. जाळे सांभाळणाऱ्याला ती डोळ्यांनी दिसत नाहीत. मग आलेले यंत्र मोबाइल आहे, संगणक आहे की कॅमेरा, हे त्याने कसे ओळखावे?

पनवेल हे कोकण आणि घाट यांच्या वाटेवरचे गाव. तेथील किराणा दुकानात एखादा मुलगा यादी घेऊन आला, आणि तीत प्रथम तांदूळ, मग कुळीथ, मग आमसुले असतील, तर ते घर कोकणी वळणाचे असावे, असे दुकानदार ताडतो. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे असा क्रम असेल, तर घर घाटावरचे असावे, असा त्याचा तर्क असतो. मुलाला नावगाव विचारावे लागत नाही.

यंत्रांची गोष्ट अशीच आहे. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो मागण्याची आणि देण्याची जी ठरलेली पद्धत आहे, तिला 'डीएचसीपी' म्हणतात. तिचे नियम १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. नवे यंत्र "पत्ता देणारे कोणी आहे काय?" अशी हाक देते. पत्ता देणारे यंत्र, म्हणजे सर्व्हर, एक पत्ता देऊ करते. नवे यंत्र तोच पत्ता रीतसर मागते, आणि सर्व्हर तो ठराविक मुदतीसाठी दिल्याचे कळवते.

पत्ता मागताना यंत्र आणखी काय माहिती हवी याची यादीही धाडते. ही यादी आकड्यांची असते. १ म्हणजे जाळ्याची मर्यादा, ३ म्हणजे बाहेर जाण्याची वाट, ६ म्हणजे नावावरून पत्ता सांगणारे यंत्र. कोणते आकडे कोणत्या क्रमाने मागावयाचे, हे यंत्र चालविणारी प्रणाली रचणारे ठरवितात. म्हणून विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोन यांच्या याद्या निरनिराळ्या असतात. या वेगळेपणाला 'डीएचसीपी ठसा' असे नाव पडले आहे. माहीत असलेल्या ठशांच्या संग्रहाशी नवा ठसा ताडून पाहिला, की यंत्राचा प्रकार कळतो.

या ओळखीचे महत्त्व मोठे आहे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या जाळ्यात अनोळखी कॅमेरा शिरला, तर तो वेळीच ओळखून वेगळा ठेवणे हिताचे असते.

तथापि हा ठसा माणसाच्या बोटाच्या ठशासारखा नव्हे. बोटाचा ठसा एकाच माणसाचा असतो. हा ठसा मात्र एकाच प्रकारच्या सहस्रावधी यंत्रांचा सारखाच असतो. प्रणाली बदलली की तोही बदलू शकतो, आणि लबाड मनुष्य दुसऱ्या यंत्राच्या यादीची नक्कलही करू शकतो. उलट, प्रामाणिक प्रवाशालाही आपली माहिती गुप्त राहावी असे वाटते. म्हणून मे २०१६ मध्ये इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या संस्थेने असे सुचविले, की ओळख झाकू इच्छिणाऱ्या यंत्राने कमीत कमी गोष्टी मागाव्यात आणि त्यांचा क्रमही उलटसुलट करावा.

यास्तव जाळे सांभाळणारा शहाणा मनुष्य केवळ यादीवर विसंबून कोणास दोषी ठरवीत नाही. यादीवरून तो यंत्राचा प्रकार जाणतो, आणि शंका आल्यास इतर पुरावा तपासून मगच निर्णय करतो.