टोरांटोत लागलेलं लग्न आणि अमेरिकेचा कर

3,63,053 डॉलर. अमेरिकेतल्या समलिंगी विवाहांचा कायदा ज्या खटल्याने फिरवला, त्याच्या मुळाशी ही एवढी कराची रक्कम होती.

ईडिथ विंडसर आयबीएममध्ये संगणक प्रोग्रामर, थिया स्पायर मानसशास्त्रज्ञ. न्यू यॉर्कमध्ये दोघींनी चाळीसहून जास्त वर्षं एकत्र काढली. तिथे त्यांचं लग्न लागणं शक्य नव्हतं, म्हणून 2007 मध्ये त्या कॅनडात, टोरांटोला जाऊन रीतसर लग्न करून आल्या. 2009 मध्ये स्पायर वारल्या आणि त्यांची मालमत्ता विंडसर यांच्याकडे आली. नवऱ्याकडून बायकोला कितीही इस्टेट आली, तरी अमेरिकेचं केंद्र सरकार त्यावर मृत्युकर घेत नाही. इथे मात्र घेतला. 1996 च्या एका केंद्रीय कायद्याने ‘विवाह’ म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असं ठरवून टाकलं होतं. म्हणजे न्यू यॉर्क राज्याच्या लेखी विंडसर विधवा, आणि वॉशिंग्टनच्या लेखी त्यांचं स्पायर यांच्याशी काहीच नातं नाही!

विंडसर यांच्या खटल्यात 26 जून 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती व्याख्या घटनाबाह्य ठरवली. पण खरी गंमत पुढेच आहे. लग्न एका राज्यात लागलं आणि जोडपं राहतं दुसऱ्या राज्यात, जिथे असं लग्न मानतच नाहीत. मग करापुरतं ते विवाहित की अविवाहित? अमेरिकेच्या कर खात्याने ऑगस्टमध्ये उत्तर दिलं: लग्न जिथे लागलं तिथला कायदा बघायचा, राहता पत्ता नाही. परदेशात कायदेशीरपणे लागलेलं लग्नही यात आलं. नुसती नोंदणीकृत ‘भागीदारी’ मात्र आली नाही.

हा नियम आकाशातून पडलेला नव्हता. काही राज्यांत विधी न करताही, नवरा-बायको म्हणून राहिल्याने विवाह मानला जाई. अशी जोडपी दुसऱ्या राज्यात गेली तरी विवाहितच धरायची, असं कर खात्याने 1958 मध्येच सांगून ठेवलं होतं. माणसं सतत राज्यं बदलणार. दर वेळी त्यांचं लग्न नव्याने तपासत बसलं तर खात्याचा कारभार चालायचा कसा? हक्कांची भाषणं ज्या दारावर अडली होती, ते दार कारकुनी सोयीने अर्धं आधीच उघडून ठेवलं होतं, याचं मला फार नवल वाटतं.

पुढची दोनेक वर्षं विचित्र गेली. काही राज्यांतल्या जोडप्यांना केंद्राचं विवरणपत्र विवाहित म्हणून आणि राज्याचं अविवाहित म्हणून भरावं लागे. त्यासाठी काहींना केंद्राचं आणखी एक, नुसतं हिशेबापुरतं विवरणपत्र मांडून आकडे काढावे लागत. शिवाय मान्यता म्हणजे फायदाच, असंही नाही: दोघांचीही कमाई चांगली असली तर विवाहितांचा कर कधीकधी वाढतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 जून 2015 च्या निकालाने सर्वच राज्यांत असे विवाह वैध झाले आणि हा दुहेरी हिशेब संपला.

आपल्याकडे विवाहामुळे कर किती बदलतो, हे गोव्यात दिसतं. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे पती-पत्नींचं पगाराखेरीजचं उत्पन्न करासाठी दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. समलिंगी जोडप्याला यातलं काहीच नाही, लग्न टोरांटोत लागलेलं असलं तरी. असा विवाह हा मूलभूत हक्क नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी सांगितलं. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेली भेट करमुक्त असते. समलिंगी जोडीदाराकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून जास्त भेट आली, तर ती करपात्र उत्पन्न ठरते. याच तरतुदीला आव्हान देणारी एका जोडप्याची याचिका 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली.