शब्दांची नाती आणि सहावीची प्रवेशपरीक्षा

कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून लहान मुलांच्या परीक्षेविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पगाराची आणि रजेची तक्रार घेऊन आमच्याकडे येणारी माणसेच अलीकडे हा प्रश्न विचारू लागली आहेत. "भाऊ, मुलगी पाचवीत आहे. सैनिक शाळेच्या परीक्षेला बसवायची आहे. गणित करते, पण ते शब्दांचे प्रश्न तिला सुटत नाहीत. डोक्यातच नसेल का?" या शेवटच्या तीन शब्दांसाठी आम्ही आज उभे आहोत. बाप असे म्हणाला की मूल ते ऐकते, आणि एकदा ऐकले की ते खरे मानते. म्हणून हे शब्दांचे प्रश्न म्हणजे काय, आणि त्यांची तयारी घरच्या घरी कशी होते, ते आज पाहू.

आधी परीक्षांची ओळख करून घेऊ. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी आपल्या साताऱ्यात सुरू झाली. २०२१ पासून या शाळांचे दरवाजे मुलींनाही उघडले आहेत. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतून देता येते. अलीकडच्या वर्षांत तिचा आराखडा १५० मिनिटांत १२५ प्रश्न असा आहे. त्यांतले ५० गणिताचे, आणि भाषा, बुद्धिमत्ता व सामान्य ज्ञान यांचे प्रत्येकी २५. नवोदय विद्यालयांचा आरंभ १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि आपली अमरावती येथून झाला. तिथे बुद्धिमत्तेचे प्रश्न आकृत्यांचे असतात आणि शब्दांची परीक्षा उताऱ्यांवरील प्रश्नांतून होते. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. दोन्हीकडे जागा थोड्या आणि उमेदवार फार.

असले प्रश्न आले कुठून? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी पहिली बुद्धिमापन-श्रेणी तयार केली. तिचा हेतू मुलांना गाळण्याचा नव्हता. शाळेत जादा मदत कोणत्या मुलांना हवी, हे ओळखण्याचा होता. आपल्याकडे धारवाडचे डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवल्या. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये मात्र १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर याच जातीच्या कसोट्या अकरा वर्षांच्या मुलांची वाटणी करण्याकडे वळल्या. थोडी मुले ग्रामर स्कूलमध्ये आणि बाकीची बहुतेक दुय्यम मानल्या गेलेल्या शाळांत, अशी ती वाटणी होती. बुद्धी जन्मजात असते आणि शिकवणीने तिच्या मापात फरक पडत नाही, असा पुष्कळांचा समज होता. १९५० नंतरच्या दशकात फिलिप व्हर्नन आदी मानसशास्त्रज्ञांनी तो खोडून काढला. सरावाने गुण चांगलेच वाढतात, आणि वाढीचा मोठा वाटा पहिल्या थोड्या सरावातच मिळतो, असे त्यांनी दाखवले. १९६५ नंतर तिथल्या बहुतेक भागांनी ही पद्धत सोडली. केंट, बकिंगहॅमशायर अशा काही परगण्यांत ती आजही आहे. त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातच आहे. मुलीला प्रश्न सुटत नाहीत याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की असे प्रश्न तिने पूर्वी पाहिलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष प्रश्न घेऊ. "गवंडी : थापी, तर शिंपी : ?" पर्याय चार: कापड, सदरा, सुई, गिऱ्हाईक. चारही शब्दांचा शिंप्याशी संबंध आहे. गोम तिथेच आहे. घाईत मूल 'सदरा' म्हणते, कारण शिंपी सदरा शिवतो हे त्याला पक्के ठाऊक असते. उपाय साधा आहे. पर्यायांकडे पाहण्यापूर्वी पहिल्या जोडीचे वाक्य मोठ्याने बोलायचे: "गवंडी थापीने काम करतो." मग त्याच वाक्यात दुसरी जोडी बसवायची: "शिंपी सुईने काम करतो." "शिंपी सदऱ्याने काम करतो" हे कानालाच खटकते. शब्दाला शब्द जोडायचा नसतो, नात्याला नाते जोडायचे असते, एवढे मुलाच्या मनात ठसले की या प्रकाराची भीती जाते.

दुसरा प्रकार गटात न बसणाऱ्या शब्दाचा. "विळा, कोयता, कुऱ्हाड, फावडे." चारही हत्यारे. पण पहिली तीन कापण्याची, फावडे ओढण्याचे. इथे उत्तरापेक्षा कारण महत्त्वाचे. उरलेले तिघे कोणत्या एका कारणाने एकत्र बसतात, हे ज्याला सांगता येते त्याचे उत्तर सहसा चुकत नाही. घरी सराव घेताना उत्तर बरोबर आले तरी "का?" असे विचारावे.

तिसरा प्रकार सांकेतिक लिपीचा. 'नगर' हा शब्द 'पघल' असा लिहिला, तर 'वन' कसा लिहाल? प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतले पुढचे अक्षर घेतले आहे, उत्तर 'शप'. यात बुद्धीचा भाग थोडा, वर्णमाला क्रमाने तोंडपाठ असण्याचा अधिक. मौज अशी की पहिली-दुसरीनंतर ती कोणी म्हणूनच घेत नाही. आठवडाभर रोज एकदा सुलट आणि एकदा उलट म्हटली की काम भागते.

चौथा प्रकार विधाने आणि निष्कर्ष यांचा. "सर्व गवंडी कामगार आहेत. काही कामगार रात्रपाळीला जातात." म्हणून काही गवंडी रात्रपाळीला जातात का? जात असतील, नसतीलही. दिलेल्या विधानांवरून तसे म्हणता येत नाही. हा प्रकार आमच्या नित्य परिचयाचा आहे. कारखान्याच्या फळ्यावर सूचना लागते: "जे उशिरा येतील त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाईल." एखाद्याचा अर्धा दिवस कापला गेला, म्हणजे तो उशिरा आलाच होता, असे या सूचनेवरून ठरत नाही; कपातीला दुसरे कारणही असू शकते. 'सर्व' आणि 'काही', 'आणि' आणि 'किंवा', 'जर' आणि 'जरच' यांतला फरक न कळल्यामुळे कामगारांनी नुकसान सोसलेले आम्ही पाहिले आहे. तोच फरक दहाव्या वर्षी शिकता येतो.

राहिला शब्दसंग्रह. बाजारात समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या मिळतात. त्या पाठ करून घेणे हा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी फळ देणारा मार्ग, असे आमचे मत आहे. त्यापेक्षा घरात असलेल्या शब्दापासून आरंभ करावा. मूल 'इस्तू' म्हणत असेल तर त्याला हसू नये. 'इस्तू, विस्तव, अग्नी' अशी ओळ करून द्यावी. 'कवाड, दार, द्वार' आणि 'सांजच्याला, संध्याकाळी, सायंकाळी' याही तशाच ओळी. घरचा शब्द अशुद्ध म्हणून टाकला, तर पुस्तकी शब्दाला टेकायला जागा उरत नाही.

दुसरी युक्ती शब्दांच्या पायऱ्यांची. पाणी कोमट, गरम, कढत. पाऊस भुरभुर, सर, मुसळधार. कमीजास्तपणावरचे प्रश्न यातून सुटतात. तिसरी युक्ती उपसर्गांची. 'सु' आणि 'दुस्' कळले की सुलभ-दुर्लभ, सुकाळ-दुष्काळ, सुगंध-दुर्गंध या जोड्या आपोआप उलगडतात. 'अनुकूल-प्रतिकूल', 'आयात-निर्यात' यांतही असेच उपसर्ग आहेत. आणि एका शब्दाचे अनेक अर्थ दाखवावेत. 'कर' म्हणजे हात, किरण आणि नगरपालिकेला भरायचा तोही. 'जीवन' म्हणजे आयुष्य आणि पाणी. 'पत्र' म्हणजे चिठ्ठी आणि पान. कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्य सांगते, म्हणून शब्द नेहमी वाक्यातच शिकवावा.

वेळ किती द्यावा? रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. पाच नवे शब्द आणि प्रत्येकाचे एक स्वतःचे वाक्य. दहा प्रश्न कारणासह. दहा ओळींचे मोठ्याने वाचन. आठवड्यातून एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. चुकलेल्या प्रश्नांचे वहीत तीन रकाने करावेत: शब्दच माहीत नव्हता, नाते ओळखता आले नाही, प्रश्न नीट वाचला नाही. तीन आठवड्यांनी कोणता रकाना भरला आहे ते पाहावे. उपाय त्या रकान्याचा करावा. या दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही मुलाला सांगून ठेवावे.

आणखी एक गोष्ट पालकांनी मनाशी बांधावी. जागा मोजक्या आहेत, तेव्हा तयारी करणाऱ्यांतली बहुसंख्य मुले निवडली जाणार नाहीत. हे गणित कोणत्याही शिकवणीवर्गाला बदलता येणार नाही. पण ज्या मुलाने वर्षभर "का?" या प्रश्नाचे उत्तर शब्दांत मांडायची सवय केली, त्याचे वर्ष निकालाबरोबर बुडत नाही. सातवीचा धडा, पुढे नोकरीचा करार, बँकेचा कागद, विम्याची अट, हे सगळे ते अधिक सावधपणे वाचील. निकालाच्या दिवशी त्याला असेच सांगावे.

शेवटी या सभेला एक विनंती. ज्या घरात संध्याकाळी दोघेही पाळीवर असतात, तिथे ही वीस मिनिटे कोण देणार? आपल्या गावात वाचनालय आहे, निवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत. वाचनालयाची एक खोली संध्याकाळी एक तास उघडी राहिली, जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच टेबलावर राहिला, आणि "का?" म्हणून विचारणारे एक माणूस तिथे बसले, तर फी भरून होते त्यातले पुष्कळसे काम फुकट होईल. येत्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या चिटणीसांना आम्ही भेटणार आहोत. ज्यांना आठवड्यातला एक तास देता येईल त्यांनी बरोबर यावे.