यंत्र आपले, भाव परक्याचा

यंत्र भाड्याने देण्याचा व्यवहार मंद्रूपसारख्या गावाला नवा नाही. एकाने कर्ज काढून ट्रॅक्टर घ्यावा, स्वतःचे रान आटोपले की शेजाऱ्यांची राने ठरल्या दराने नांगरून द्यावीत आणि त्यातून हप्ते फेडावेत, हा दक्षिण सोलापूर तालुक्यातील परिचित मार्ग. संगणक हाताळणाऱ्या तरुणांपुढे आज त्याच मार्गाचे नवे रूप उभे आहे. संगणकातील ग्राफिक्स कार्ड इंटरनेटद्वारे दूरच्या, अपरिचित ग्राहकाला तासाच्या दराने वापरू द्यावयाचे आणि घरबसल्या उत्पन्न मिळवावयाचे. मार्ग तोच दिसतो. परंतु तो खरोखर तोच आहे काय, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तपासले पाहिजे.

ही कार्डे मूळची खेळांतील चित्रे वेगाने रेखाटण्यासाठी निर्माण झाली. असंख्य लहान आकडेमोडी एकाच वेळी करण्याची त्यांची शक्ती पुढे संशोधकांच्या ध्यानी आली. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील तिघा संशोधकांनी अशाच दोन बाजारी कार्डांच्या साह्याने चित्रे ओळखणारी प्रणाली सिद्ध केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासाला वळण लागले. तेव्हापासून या कार्डांना जगभर मागणी आहे, आणि जेथे मागणी तेथे भाडे हे ओघानेच आले.

आता हिशेब पाहू. चांगले कार्ड आणि त्यास साजेसा संगणक यांस दोन लाख रुपये लागले, दलाली वजा जाता तासाला २० रुपये हाती आले आणि दिवसाचे १२ तास ग्राहक मिळाला, असे धरू. महिन्याची प्राप्ती ७,२०० रुपये. काम चालू असता ६०० वॅट आणि रिकाम्या वेळी १०० वॅट वीज लागली व युनिटला १० रुपये पडले, तर विजेचे २,५२० रुपये. शिल्लक राहिले ४,६८०. म्हणजे व्याज, दुरुस्ती आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवण्याचा खर्च न धरताही मुद्दल फिटण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागणार. आणि दर निम्म्यावर आला तर? वीज तेवढीच लागते. शिल्लक मात्र १,०८० रुपयांवर येते. भाडे अर्धे होते तेव्हा नफा पावही उरत नाही, ही या धंद्यातील खरी मेख आहे.

दर घसरण्याची भीती काल्पनिक नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धती बदलली आणि त्याच्या खाणकामासाठी घेतलेली असंख्य कार्डे एका दिवसात त्या कामातून मोकळी झाली. आपल्याकडेही केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मान्यता दिली. त्या योजनेखाली घरगुती कार्डांहून कितीतरी समर्थ अशी यंत्रे संशोधक, विद्यार्थी आणि नवउद्योजक यांना तासाला सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दराने देऊ करण्यात आली. देशातील होतकरूंना हे वरदानच आहे. परंतु ग्राहकाला असा पर्याय मिळू लागला, तर एका खोलीतील एका कार्डाने कोणाशी स्पर्धा करावी?

येथेच ट्रॅक्टरची उपमा अपुरी पडते. ट्रॅक्टरवाला आपल्या ग्राहकाला ओळखतो. दर गावाच्या पारावर ठरतो, त्यात त्याचाही शब्द असतो. कार्डाचा दर मात्र परदेशी मध्यस्थाच्या बाजारात ठरतो. यंत्रावर कोण काय करीत आहे, हेही मालकाला बहुधा कळत नाही. हे साम्य शोधावयाचे तर इचलकरंजीकडे पाहावे. दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला तेथे ‘खर्चीवाला’ म्हणतात. माग त्याचा, वीजबिल त्याचे, कर्ज त्याचे. कापडाचा भाव मात्र व्यापाऱ्याचा. नव्या यंत्राने नवे खर्चीवाले निर्माण करावेत, यात प्रगती ती कोणती?

शिवाय कायद्याचीही बाजू आहे. घरगुती वीजजोडणीवर व्यावसायिक वापर झाल्यास २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. सहा महिन्यांची शिल्लक अशा एका बिलात वाहून जाईल.

याचा अर्थ खेड्यातील तरुणाने या यंत्राकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. अभ्यासासाठी वा चित्रफितींच्या संकलनासारख्या कामासाठी घेतलेले कार्ड रिकाम्या वेळी चार पैसे मिळवीत असेल, तर ते शहाणपणाचेच. स्वतःचे रान नांगरून झाल्यावर शेजाऱ्याचे नांगरावे, तसे. मात्र केवळ भाड्यासाठी कर्ज काढणे म्हणजे शेत नसताना ट्रॅक्टर घेणे होय, आणि तेही दुसऱ्याने ठरविलेल्या दरावर. ज्याला शिकावयाचे आहे, त्याने आधी शासनाच्या सवलतीची यंत्रे आपल्याला मिळतात काय ते पाहावे. शिक्षकांनी त्यांची माहिती वर्गात द्यावी. महाविद्यालयांनी एक चांगले यंत्र घेऊन ते अनेकांच्या हाताखाली द्यावे. कार्डाची किंमत दरवर्षी उतरत जाते. त्यावर काम करण्याचे ज्ञान ज्याने मिळविले, त्याला आपल्या श्रमाचा भाव सांगण्याचा अधिकार लाभतो. मंद्रूपच्या तरुणाने भांडवल घालावयाचे ते तेथे घालावे.