संग्राहकांच्या दुनियेत (लेखांक सातवा) : न फोडलेले पाकीट

महायुद्धाच्या काळात खंडित झालेली हॉकीच्या कार्डांची परंपरा टोरोंटोच्या पार्कहर्स्ट कंपनीने १९५१ साली १०५ कार्डांचा संच काढून पुन्हा सुरू केली आणि त्या संचात गॉर्डी हाऊ व मॉरिस रिशार या दोन धुरंधर खेळाडूंची पहिलीवहिली कार्डे होती, येथवर मागील लेखांकात आपण आलो होतो. (हॉकी म्हणजे येथे सर्वत्र बर्फावरची हॉकी समजावी, ध्यानचंदांची नव्हे.) त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे घाईने ओलांडण्यास हरकत नाही. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५४ साली या धंद्यात पाऊल टाकले; पुढे काही वर्षे मॉन्ट्रियल व टोरोंटो पार्कहर्स्टकडे आणि अमेरिकेतील चार संघ टॉप्सकडे अशी मुलुखाची वाटणी राहिली; पार्कहर्स्टचा संच १९६३-६४ नंतर निघाला नाही; आणि १९६८ पासून ओंटारिओ प्रांतातील लंडन शहरच्या ओ-पी-ची कंपनीने, टॉप्सशी असलेल्या करारान्वये, कॅनडासाठी स्वतःच्या नावाने हॉकीची कार्डे काढण्यास प्रारंभ केला. आजचा विषय असलेले पाकीट याच कंपनीने १९७९ साली बाजारात आणले.

वस्तुतः तो अगदी क्षुल्लक जिन्नस होता. मेण चढवलेल्या पातळ कागदात चौदा कार्डे आणि गुलाबी च्युइंग गमची एक चपटी पट्टी ठेवावयाची, कागदाच्या घड्या मागील बाजूस उष्णतेने चिकटवावयाच्या आणि माल दुकानात रवाना करावयाचा, एवढाच त्याचा कारखान्यातील इतिहास. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मुलाने ते चिल्लर देऊन घ्यावे, पायरीवरच फाडावे, गम तोंडात टाकावा, दुबार आलेली कार्डे मित्रांशी बदलून घ्यावीत आणि कागद वाऱ्यावर सोडून द्यावा, हा त्याचा पुढील आयुष्यक्रम. त्या वर्षीच्या संचात ३९६ कार्डे होती, आणि त्यांतील अठराव्या कार्डावर एडमंटन ऑइलर्सच्या गणवेशातील एक शिडशिडीत तरुण होता : ब्रँटफर्ड गावी १९६१ साली जन्मलेला वेन ग्रेट्स्की. एडमंटनचा संघ ज्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळत असे ती १९७९ साली मोडली, तिच्यातील चार संघ नॅशनल हॉकी लीगने आपल्यात घेतले, आणि त्यामुळे ग्रेट्स्कीचे पहिले कार्ड या संचाच्या वाट्यास आले. हाऊ पन्नाशी उलटल्यावरही त्या मोसमात हार्टफर्डकडून मैदानात उतरत होता, म्हणून त्याचे अखेरचे कार्डही याच संचात सापडते. परंतु अखेरच्या कार्डाची मातबरी बाजारात फारशी नसते. खेळाडूच्या पहिल्या कार्डाला तेथे रुकी कार्ड म्हणतात, आणि जुन्या कार्डांचा सारा व्यापार या रुकी कार्डांवर उभा आहे.

आता त्या संचाची पाकिटे फोडलीच गेली नसती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर २०२४ साली मिळाले. सस्कॅचवान प्रांतातील रेजायना शहरी एका घरात ओ-पी-चीची त्या सालची एक अखंड पेटी निघाली, आणि फेब्रुवारी महिन्यात डॅलसच्या हेरिटेज या लिलावगृहाने ती ३७ लाख २० हजार डॉलरना, म्हणजे आपल्या हिशेबाने तीस कोटी रुपयांहून अधिक रकमेस, विकली. पेटीत सोळा खोकी, प्रत्येक खोक्यात अठ्ठेचाळीस पाकिटे आणि प्रत्येक पाकिटात चौदा कार्डे, अशी एकंदर १०,७५२ कार्डे होतात. त्यांना संचाच्या ३९६ ने भागले असता ग्रेट्स्कीची सरासरी सत्तावीस कार्डे आत असावीत असे निघते. म्हणजे अठ्ठावीस पाकिटांमागे एक. पैशाच्या भाषेत हाच हिशेब मांडला तर एका पाकिटाला सुमारे ४,८०० डॉलर पडतात आणि ग्रेट्स्कीचे एक कार्ड हाती येण्यासाठी सरासरी १ लाख ३७ हजार डॉलर मोजावे लागतात. उरलेल्या सत्तावीस पाकिटांतील कार्डांचे मोल त्या मानाने नगण्यच.

यावर कोणी म्हणेल की मग सुटे ग्रेट्स्की कार्डच का विकत घेऊ नये. याचे उत्तर कार्डाच्या अवस्थेत दडलेले आहे. कॅलिफोर्नियात १९९१ साली निघालेली पीएसए ही संस्था कार्डांची एक ते दहा अशी प्रतवारी करते, आणि ओ-पी-चीच्या या कार्डाला दहाची प्रत केवळ दोन वेळा मिळाल्याची नोंद आहे. त्यांतील एक कार्ड २०२० च्या डिसेंबरात १२ लाख ९० हजार डॉलरना गेले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात खाजगी सौद्यात ३७ लाख ५० हजार डॉलरना. म्हणजे त्या एका कार्डाने अवघ्या पेटीपेक्षाही अधिक किंमत आणली. इतकी दुर्मिळता का, हे समजण्यासाठी कार्डाची घडण ध्यानी घ्यावी लागते. त्याची चौकट निळ्या रंगाची आहे, आणि निळ्या रंगाचा कडेवरील टवका उडाला की खालचा पांढरा कागद ताबडतोब नजरेत भरतो. मोठ्या तावांतून कार्डे अलग करताना ओ-पी-चीच्या यंत्रात तारेने काप घेतला जाई, त्यामुळे कडा दंतुर निघत. चित्र चौकटीच्या मध्यभागी बसले नाही म्हणून ताव रद्द करण्याची तसदी त्या स्वस्त मालासाठी कोणी घेत नसे. शिवाय गमच्या पट्टीला टेकलेल्या कार्डावर कालांतराने डाग उमटतो, आणि मागील बाजूस चिकटवलेल्या घडीखालच्या कार्डावर मेण वितळून त्याचा तवंग राहतो. सारांश, पाकीट जन्मभर कोणाचा हात न लागता राहिले तरी आतील कार्ड निर्दोष असेल याची हमी नाही. किंबहुना ते कारखान्यातूनच सदोष बाहेर पडले असण्याचा संभव अधिक. तरीही न फोडलेल्या पाकिटात दहाची प्रत असू शकते, आणि फोडलेल्यात काय आहे ते सर्वांना ठाऊक होते. बाजार ज्याची किंमत देतो ती ही शक्यता होय.

जेथे शक्यतेला किंमत येते तेथे लबाडीही ओघाने येते. मेणकागद उष्णतेने चिकटतो, तसा उष्णतेने सुटतोही. पाकीट हळूच उघडून, मोलाचे कार्ड काढून घेऊन, त्या जागी भाकड कार्ड सरकवून, घडी पुन्हा गरम करून बसवली की अननुभवी गिऱ्हाईक फसलेच म्हणून समजावे. दुसरी युक्ती याहून सूक्ष्म, आणि मला तर ती अधिक निंद्य वाटते, कारण तीत कागदाला धक्काही लागत नाही. कार्डे पाकिटात भरताना ती यंत्रातून पुष्कळदा ठराविक क्रमाने येत, म्हणून खोक्यातील काही पाकिटे फोडून पाहिली की तो क्रम हाती लागतो आणि उरलेल्यांपैकी ग्रेट्स्की कोणत्यात असेल याचा अदमास बांधता येतो. मग ती तेवढी आपण ठेवावयाची आणि बाकीची ‘न फोडलेली’ म्हणून निर्धास्तपणे विकावयाची. पाकीट अस्सल, मेण अस्सल, आणि आशा मात्र आधीच काढून घेतलेली. यास्तव सुट्या पाकिटापेक्षा भरलेल्या खोक्याला आणि खोक्यापेक्षा बंद पेटीला दर अधिक मिळतो, आणि पाकिटांची छाननी करून त्यांवर स्वतःचे पारदर्शक वेष्टन व मोहोर चढवून देणाऱ्या तज्ज्ञांचा एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. त्या मोहोरेचा हवाला कितपत मानावा? ग्रेट्स्कीने स्वतः १९९१ साली एका भागीदारासह होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे तंबाखूच्या पाकिटातील एक जुने कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतले होते. पीएसएने आपले पहिले प्रमाणपत्र याच कार्डाला दिले, आणि त्याच्या कडा कातरून सरळ केल्याची कबुली ते पूर्वी हाताळणाऱ्या एका लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात दिली.

हा सारा प्रपंच १९९० नंतरच्या मालाला लागू नाही, हे येथेच नमूद करावयास हवे. जुन्या कार्डांना भाव येतो असे एकदा कळल्यावर स्कोअर, प्रो सेट, अपर डेक अशा नव्या कंपन्या १९९०-९१ च्या मोसमात हॉकीत उतरल्या आणि कार्डांचा असा पूर लोटला, की ती पाकिटे लोकांनी पुढे भाव येईल या आशेने न फोडता माळ्यावर ठेवली, आणि सर्वांनीच ठेवल्यामुळे भाव कधी आलाच नाही. १९७९ चे पाकीट दुर्मिळ झाले ते मुलांनी ते बेदरकारपणे फाडले म्हणून. ज्या दिवशी ते जपण्याची बुद्धी सर्वांना झाली, त्याच दिवशी जपण्यातील लाभ संपला.

माझे मत विचाराल तर, रेजायनाच्या पेटीसारखा माल हा संग्राहकाचा विषय राहिलेला नाही. तो एक रोखा आहे, आणि तो न फोडण्यात विक्रेता, मोहोर देणारा तज्ज्ञ व लिलावगृह या तिघांचे हित गुंतलेले आहे, कारण फोडल्याबरोबर सत्तावीस ग्रेट्स्कींची सरासरी एका निश्चित आकड्यात उतरते आणि तो आकडा कमी भरण्याची धास्ती सर्वांनाच असते. कॅनडात स्थायिक असलेल्या वाचकांना १९९०-९१ सालचा एखादा बंद डबा जुन्या बाजारात दिसला तर तो अल्प किमतीत अवश्य घ्यावा आणि घरातल्या मुलांसमवेत खुशाल फोडावा. १९७९ चे सुटे पाकीट मात्र कोणी स्वस्तात देऊ केले तर ते घेऊ नये. प्रतवारी प्रत्यक्षात कशी करतात, आणि आठ व नऊ या दोन प्रतींत कोणता फरक मानतात, ते पुढील लेखांकात पाहू.