डब्यातली मोटार

प्लास्टिकच्या मोटारीचा संच म्हणजे खेळण्यातली मोटार नव्हे, एवढं आधी सांगून टाकतो. खेळण्यातली मोटार दुकानातून घरी येते तेव्हा ती मोटार असते. चार दिवसांनी तिचं एक चाक कपाटाखाली जातं आणि ती भंगार होते. संचाचं नेमकं उलटं. तो घरी येतो तेव्हाच भंगारासारखा दिसतो. डबा उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटी, त्या चौकटींना पिंपळाच्या फांदीला पानं असावीत तसे शंभर-दीडशे सुटे भाग लागलेले, चार रबरी टायर, एक पारदर्शक पिशवी आणि घड्या घातलेला कागद. त्यातून मोटार करायची ती आपण.

मंडळी, मी राहतो तळवड्यात. एका बाजूला इंद्रायणी, पलीकडे देहू, दुसऱ्या बाजूला चाकणकडे जाणारा रस्ता आणि त्यावर चोवीस तास सुटे भाग वाहून नेणारे टेम्पो. आमच्याकडे मोटार अशी कुणी बनवत नाही. कुणी दिव्याची काच ओततो, कुणी बंपर, कुणी दाराच्या मुठीचं फक्त आतलं अस्तर. या सगळ्यांची मिळून मोटार होते ती दुसरीकडे, मोठ्या कारखान्यात. त्यामुळे हा छंद आमच्या भागातल्या माणसाला का आवडावा, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आधी मापाचं बघू. आपण दिवाळीत किल्ला करतो. त्यात बुरूज वीतभर आणि त्यावर उभा केलेला मावळा त्या बुरुजाएवढाच. त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण किल्ला भावनेने मोजायचा असतो. मोटारीच्या संचात तसं चालत नाही. तिथे प्रमाण ठरलेलं. मोटारींच्या संचांत सर्वांत रुळलेलं प्रमाण एकास चोवीस, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला इथे अर्धा इंच. सव्वाचार मीटरच्या आसपास लांबीची आपली अँबॅसिडर या हिशोबाने अठरा सेंटिमीटरची होते, तळहातावर नीट मावणारी. एकास बारा म्हणजे फुटाला एक इंच. आणि एकास त्रेचाळीस हे विचित्र वाटणारं प्रमाण आलं खेळण्यातल्या आगगाड्यांवरून. तिथे एका फुटाला सात मिलिमीटर धरायची पद्धत होती. आगगाडीशेजारी उभ्या करायच्या मोटारीही मग त्याच मापाच्या झाल्या.

मी गझल लिहिणारा माणूस. एक मात्रा कमी पडली की शेर लंगडतो, हे मला पाठ आहे. त्यामुळे प्रमाण या गोष्टीवर माझा फार विश्वास होता. संच पाहायला लागल्यावर कळलं, की इथे काटेकोर प्रमाण पाळलं तर मोटार उभीच राहणार नाही. खऱ्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याचा चोविसावा भाग केला तर उरतो केसापेक्षाही पातळ पापुद्रा. एवढ्या पातळ पोकळीत प्लास्टिक वाहत जाणार कसं आणि गेलं तरी टिकणार कसं? म्हणून संचातल्या मोटारीचं अंग मिलिमीटरभर जाड ठेवतात. पुन्हा मोठं करून पाहा: खऱ्या गाडीला इंचभर जाडीचा पत्रा लावल्यासारखं झालं! मग चांगला कारागीर काय करतो? जिथे नजर जाते, म्हणजे चाकावरची कमान, खिडकीची कड, तिथे आतल्या बाजूने घासून प्लास्टिक पातळ करतो. रंगाचंही तेच. खऱ्या गाडीवरच्या चमकत्या रंगातला धातूचा कण छोट्या गाडीवर वाळूच्या खड्यासारखा दिसतो, म्हणून इथे बारीक कणांचा रंग वेगळा शोधावा लागतो. खरं दिसावं म्हणून थोडं खोटं करावं लागतं. हे मात्र कवीला नवीन नाही.

या छंदाची सुरुवात छंद म्हणून झालीच नाही, विक्रीसाठी झाली. १९४९ मध्ये इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनवली, ती त्या ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवता यावी म्हणून. पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकायला काढला आणि लोकांना जोडण्याचीच गोडी लागली. अमेरिकेतही तसंच. मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉइटच्या परिसरात एएमटी नावाची कंपनी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या प्रतिकृती बनवत असे. १९५८ मध्ये तिने त्याच गाड्या सुट्या भागांच्या डब्यात घातल्या.

जपानची कथा मला अधिक भावते. शिझुओका शहरात १९४६ मध्ये तामिया घराण्याने लाकडाची वखार काढली. पुढे ते लाकडी प्रतिकृतींकडे वळले, १९५१ मध्ये आगीत गोदाम गेलं, तरी धंदा चालूच ठेवला. प्लास्टिकचे संच आल्यावर लाकडाला कुणी विचारेना, तेव्हा १९६० मध्ये यामातो या युद्धनौकेचा आपला पहिला प्लास्टिक संच त्यांनी काढला, आणि तोही बाजारात पडला. या घराण्यातले शुनसाकु तामिया पुढे कंपनीचे प्रमुख झाले. पोर्शे गाडीचा संच करताना माप मनासारखं मिळेना, म्हणून त्यांनी चक्क एक खरी पोर्शे विकत घेतली आणि ती खोलून पाहिली. जुलै २०२५ मध्ये ते वारले.

आता साच्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे आणि खरी अडचणही. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे दाणे दोनशे अंशांच्या वर तापवून, पातळ करून, प्रचंड दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. साच्याचे दोन अर्धे एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. प्लास्टिक थंड झालं की साचा उघडतो आणि आतल्या खिळ्या तो तुकडा बाहेर ढकलतात. थंड होताना प्लास्टिक हजारात पाच भागांच्या आसपास आक्रसतं, म्हणून साचा तेवढा मोठा कोरावा लागतो. तुकडा सहज सुटावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. मोटारीच्या अंगाला तर चहूबाजूंनी नक्षी, त्यामुळे तिच्या साच्याला बाजूने सरकणारे तुकडे लागतात.

एकदा मी एक संच तळवड्यातल्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या स्नेह्यांना दाखवला. गाडी कुठली हे त्यांनी विचारलंच नाही. चौकट उजेडात धरली आणि बोट ठेवत गेले. ‘ही पार्टिंग लाइन. हा इजेक्टरचा डाग. इथे सिंक आलाय बघा, मागे रिब जाड ठेवलीय त्यांनी.’ मग जरा वेळ गप्प बसून म्हणाले, ‘शायरसाहेब, साचा सुरेख आहे. पण आपल्याला न येण्यासारखं यात काही नाही.’

मग आपल्या पट्ट्यात हा संच का बनत नाही? १९६२ पासून इथे औद्योगिक वसाहत आहे, साचे कोरणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. उत्तर कौशल्यात नाही, आकड्यात आहे. पोलादी साच्याचा खर्च भला मोठा, आणि तो भरून यायला एकाच गाडीचे हजारो डबे खपावे लागतात. बंपरचा साचा गाडीच्या कंपनीच्या मागणीवर उभा राहतो. छंदाच्या साच्यामागे कोण उभं राहणार? आयातीचाही रस्ता सोपा नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं, २०२३ मध्ये सत्तर. आणि जकातीच्या यादीत हे संच खेळण्यांच्याच रांगेत बसतात. देशी खेळण्यांना त्याने बळ मिळालं असेल, पण ज्याचा देशी पर्यायच नाही ती वस्तू नुसती महाग झाली.

यातून एक वेगळंच नुकसान होतंय. संग्राहकांकडे फेरारी आहे, पोर्शे आहे, अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या गाड्या आहेत. आपल्या अंगणात बनलेल्या गाड्या नाहीत. सुमो १९९४ मध्ये आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरं जोडून तिचं नाव झालं. २०१९ मध्ये ती बंद पडली. इंडिका १९९८ मध्ये आली, २०१८ मध्ये गेली. या गाड्यांनी इथल्या घराघरांत पगार आणला, पण त्यांचा दुकानातून आणून जोडता येईल असा प्लास्टिकचा संच माझ्या पाहण्यात नाही. परदेशी कंपन्यांचं बरं असतं. कंपनी बुडाली तरी साचे उरतात. एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली, हातोहाती फिरत २००६ मध्ये हॉर्न्बी कंपनीकडे आली, आणि तिच्या जुन्या साच्यांतून पुन्हा माल निघाला. आपल्याकडेही असं एकदा घडलं होतं. इंग्लंडच्या डिंकी कंपनीचे जुने साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने धातूच्या छोट्या गाड्या निघाल्या. पण त्यातल्या गाड्याही मूळच्या विलायतीच.

मग उरतो एकच मार्ग, सगळं हाताने करायचा. प्लास्टिकचा पातळ पत्रा आणायचा, कापायचा, वाकवायचा. वर सांगितलेले स्नेही सध्या तेच करताहेत, सुमोची. माप घ्यायला ते एका ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी रविवारी दारात उभी करून घेतात, टेप लावतात आणि वहीत लिहितात: खांबाची रुंदी, पायरीची उंची, मागच्या दाराच्या बिजागरीतलं अंतर. शेजारच्या कुदळवाडीत भंगाराची दुकानं होती तोवर एखादं जुनं दार, एखादी जाळी बघायला मिळायची. फेब्रुवारी २०२५च्या महापालिकेच्या कारवाईत ती दुकानं हटली. रस्त्यावरच्या सुमोही आता मोजक्या. अजून पाच-दहा वर्षांनी कुणाला सुमो करावीशी वाटली, तर टेप लावायला गाडी सापडेल की नाही, शंका आहे. त्यांची वही मी पाहिली आहे. अक्षर गिचमिड, पण एकही आकडा खोडलेला नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं. पहिला डबा एकास चोवीसचा घ्या, कमी भागांचा. भाग पिरगाळून तोडू नका, साइड कटरने भागापासून जरा दूर कापा आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासा. आधी चारशे नंबर, मग आठशे, मग हजाराच्या पुढचा. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. फेव्हिकॉल इथे कामाचा नाही. या छंदासाठी मिळणारं पातळ सिमेंट प्लास्टिकला चिकटवत नाही, ते त्याची कड विरघळवतं आणि दोन कडा एकजीव होतात. म्हणून थेंब अगदी बारीक हवा. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा मोह टाळा, त्याने अख्खी मोटार वितळेल. नंबर आणि पट्ट्यांची चित्रं पाण्यात भिजवून सरकवायची असतात, आपण लहानपणी वहीवर लावायचो तशीच. आणि फवाऱ्याचा रंग पावसाळ्यात मारू नका. हवेतला दमटपणा रंगात उतरतो आणि काळी गाडीसुद्धा दुधाची साय धरल्यासारखी पांढुरकी होते. तोवर सीट जोडा, इंजिन जोडा, टायर चढवा. रंगाचं काम दसऱ्यानंतर.